ईस्टरचा खरा अर्थ : रिकामी कबर आणि आमची आशा

(उपदेशक, बायबलबाया व घरोघरी कुटुंबउपासना चालविणारे ह्यांच्यासाठी धडा)

वाचन : लूक २४, योहान २० व २१, १ करिंथ १५. पाठ करण्याचे वचन : १ करिंथ १५:२०.

ईस्टरचा सण जवळ आला म्हणजे खेड्यापाड्यांतील आमच्या मंडळ्यांत मोठी लगबग सुरू होते. उपासनामंदिराला चुना लागतो, लेकरांना नवे कपडे मिळतात, पहाटेच्या प्रार्थनेसाठी कोणी कोणाला उठवावयाचे हे ठरते. ही हौस चांगली आहे व ती कमी व्हावी असे आम्हांस मुळीच वाटत नाही. परंतु अशा वेळी शेजारचा कोणी सहज विचारतो, "तुमचा हा सण कशाचा?" तेव्हा आम्ही काय उत्तर देतो? कोणी म्हणतो, ही आमची जत्रा आहे. कोणी म्हणतो, हा आमच्या मेलेल्या माणसांच्या कबरी साफ करण्याचा दिवस आहे. कोणी नुसतेच हसून शेजाऱ्याच्या हातावर गोड घास ठेवतो. विचारणारा आपल्या वाटेने निघून जातो आणि त्याला जे कळावयास पाहिजे होते ते कळत नाही. म्हणून ह्या सणाचा अर्थ आपण नीट समजून घेऊ, म्हणजे तो दुसऱ्यास सांगताना आमची जीभ अडखळणार नाही.

१. हा सण चंद्राचा नव्हे व ऋतूचाही नव्हे

ईस्टर दर वर्षी वेगळ्या तारखेस का येतो, असे पुष्कळ जण विचारतात. प्रभू येशू ख्रिस्त यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाच्या वेळी वधस्तंभावर मेला, आणि वल्हांडण हा पौर्णिमेच्या सुमारास येणारा सण होता. त्यानंतरच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, तो उठला. ही वेळ स्मरणात राहावी म्हणून मंडळीने सणाचा हिशेब पौर्णिमेवरून ठेवला. आरंभी हा सण कोठे एका दिवशी तर कोठे दुसऱ्या दिवशी पाळीत असत. इसवी सन ३२५ मध्ये नायसिया येथे भरलेल्या परिषदेने तो सर्वांनी एकाच रविवारी पाळावा असे ठरविले. आता आम्ही ज्या नियमाने चालतो त्याप्रमाणे २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर पडणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार हा ईस्टर होय. म्हणून तो २२ मार्चच्या आधी येत नाही व २५ एप्रिलच्या पुढे जात नाही.

आमच्या भागात चैत्र पौर्णिमेस वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाची मोठी यात्रा भरते. सासनकाठ्या नाचतात, गुलालाने वाटा लाल होतात. कित्येक वर्षी ईस्टर ह्याच दिवसांत पडतो. सन २०२३ मध्ये चैत्र पौर्णिमा ६ एप्रिल रोजी होती व ईस्टर ९ एप्रिल रोजी होता. त्यामुळे साधाभोळा माणूस समजतो की, त्यांची ती यात्रा आणि ख्रिस्ती लोकांची ही यात्रा. परंतु सन २०२४ मध्ये ईस्टर ३१ मार्च रोजी झाला व चैत्र पौर्णिमा २३ एप्रिल रोजी आली. ह्यावरून दिसेल की, ह्या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नाही. चंद्र आम्हांस केवळ दिनदर्शिकेप्रमाणे उपयोगी पडतो. आम्ही त्याला नमस्कार करीत नाही, आणि चैत्रपालवी फुटली म्हणून आनंदही करीत नाही. पालवी दर वर्षी फुटते व दर वर्षी गळते. आमचा आनंद जी गोष्ट एकदाच घडली व पुन्हा कधी मागे फिरावयाची नाही तिच्याविषयी आहे.

२. नावावरून घोटाळा करू नये

काही शिकलेले तरुण शहरातून येतात व सांगतात की, ईस्टर हे नाव मुळात ख्रिस्ती नाही, म्हणून हा सणही ख्रिस्ती नाही. त्यांस शांतपणे उत्तर द्यावे. हे नाव इंग्रजीतून आपणांकडे आले. आठव्या शतकातील बीड नावाच्या इंग्रज विद्वानाने लिहून ठेवले आहे की, त्याच्या लोकांत एका महिन्यास एका जुन्या देवीवरून नाव पडले होते व तेच नाव पुढे सणास लागले. पण जगातील पुष्कळ भाषांत हा शब्द नाहीच. त्यांत 'पास्का' ह्यासारखा शब्द चालतो, आणि त्याचा अर्थ वल्हांडण असा आहे. आमच्या वसईच्या व गोव्याच्या ख्रिस्ती बांधवांच्या तोंडीही तसाच शब्द आहे. इंग्रजांना ख्रिस्त माहीत होण्याच्या कित्येक शतके आधी यरुशलेम, अंत्युखिया व रोम येथील मंडळ्या प्रभूच्या पुनरुत्थानाचा आनंद करीत होत्या.

आणि नावानेच सर्व काही ठरत असेल तर आपण 'रविवार' म्हणतो त्याचे काय? रवि म्हणजे सूर्य. कोल्हापुराच्या आसपास हा वार जोतिबाचा मानतात आणि माघातील रविवारी लोक खेटे घालण्यास डोंगरावर पायी जातात. म्हणून आम्ही रविवारी मंदिरात जमतो ते सूर्याची किंवा जोतिबाची भक्ती करण्यास जमतो काय? मुळीच नाही. आम्ही ह्या वारी जमतो, कारण ह्याच वारी पहाटे कबर रिकामी सापडली. पहिले शिष्य जन्माने यहुदी होते व शनिवारचा शब्बाथ त्यांच्या रक्तात भिनलेला होता. असे असता त्यांनी आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडण्यास जमावे, ही लहान गोष्ट नव्हे. दर रविवार हा लहानसा ईस्टरच आहे, हे उपदेशकांनी मंडळीच्या मनावर ठसवावे.

रंगीत अंडी व ससे ही शहरातील दुकानांची शोभा होय. लेकरांनी ती पाहिली तर बिघडत नाही, पण ती म्हणजे सण नव्हे एवढे त्यांस सांगून ठेवावे.

३. ही घडलेली गोष्ट आहे

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. प्रभू खरोखर मेला, त्याला खरोखर पुरले, आणि तिसऱ्या दिवशी तो त्याच देहाने खरोखर उठला. काही लोक ह्याचा गोड अर्थ करतात. ते म्हणतात, येशूची शिकवण शिष्यांच्या अंतःकरणात जिवंत झाली, एवढेच समजावे. शुभवर्तमान असे सांगत नाही. लूक सांगतो की, शिष्यांना आपण भूत पाहत आहो असे वाटले, तेव्हा प्रभूने त्यांस हात व पाय दाखविले आणि त्यांच्यासमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. योहान सांगतो की, सरोवराच्या काठी त्याने कोळशाच्या विस्तवावर मासळी भाजून ठेविली व रात्रभर जाळी टाकून दमलेल्या शिष्यांस न्याहरीस बोलाविले. शिकवण मासळी भाजीत नाही, आणि आठवण कोणाला भाकर वाढीत नाही.

साक्षीदार कोण होते तेही पाहावे. प्रथम कबरेकडे गेल्या त्या मग्दालीया मरीया, योहान्ना व त्यांच्या सोबतिणी. त्या उठलेल्या प्रभूला भेटण्यास गेल्या नव्हत्या. मृताच्या देहास सुगंधी द्रव्ये लावण्यास गेल्या होत्या. त्या काळी यहुदी लोकांत स्त्रियांच्या साक्षीला फारसे मोल नसे. कोणाला खोटी गोष्ट रचावयाची असती तर त्याने आरंभी स्त्रियांची साक्ष कधीच घातली नसती. गावच्या पाटलासारखा एखादा वजनदार पुरुष पुढे केला असता. शिवाय प्रेषितांनी ते बोलणे प्रथम बाष्कळ बडबड म्हणून झिडकारले, हेही लूकाने लपविले नाही. पुढाऱ्यांची अशी फजिती जो लिहून ठेवतो, तो खरे तेच लिहीत असतो.

पौलाने करिंथकरांस पहिले पत्र लिहिले ते इसवी सन ५५ च्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी. त्यात तो लिहितो की, उठलेल्या प्रभूला एका वेळी पाचशेहून अधिक बांधवांनी पाहिले व त्यांतील बहुतेक अजून जिवंत आहेत. पंचवीस वर्षे म्हणजे किती? गावात पूर आला, दुष्काळ पडला, तर पंचवीस वर्षांनी तो पाहिलेली माणसे पारावर बसलेली असतात. खोटे सांगणाऱ्यास ती तिथल्या तिथे गप्प करतात. पौलाला तशी भीती नव्हती. जा, त्यांस विचारा, असेच जणू तो म्हणतो.

४. आमच्या कर्जाचा बेबाकी दाखला

प्रभू उठला ह्यावरून आम्हांस काय मिळाले? आपल्या भागातील शेतकरी सोसायटीचे कर्ज काढतो. सातबाऱ्यावर बोजा चढतो. जोवर बोजा आहे तोवर जमीन त्याची असूनही त्याला मोकळ्या मनाने आपली म्हणवत नाही. पुढे कर्ज फिटते. पण नुसते फिटून भागत नाही. बेबाकी दाखला हातात पडला पाहिजे व सातबाऱ्यावरचा बोजा उतरला पाहिजे. मग तो निर्धास्त झोपतो.

आमच्या पापाचे कर्ज असे होते की, ते आमच्याने कधीही फिटते ना. उपासाने फिटले नाही, नवसाने फिटले नाही, दानधर्मानेही फिटले नाही. प्रभूने ते वधस्तंभावर आपल्या रक्ताने फेडले. परंतु ते देवाला पावले हे आम्ही कशावरून समजावे? तो कबरेतच राहिला असता तर आम्हांस कायमची शंका राहिली असती. पित्याने त्याला उठविले, हाच तो दाखला होय. रोमकरांस पत्राच्या चवथ्या अध्यायाच्या शेवटी पौल हेच शिकवितो : आमच्या अपराधांमुळे प्रभू मरणाच्या स्वाधीन झाला, आणि आम्ही नीतिमान ठरावे म्हणून त्याला उठविण्यात आले. म्हणून शुभ शुक्रवार व ईस्टर ह्यांची ताटातूट करू नये. शुक्रवारी कर्ज फिटले, रविवारी दाखला मिळाला.

एवढे कळले म्हणजे विश्वास ठेवणारा माणूस देवाला खूष करण्यासाठी धडपडत नाही. तो चांगली कामे करतो ती ऋणकोसारखी हप्ता भरण्यासाठी नव्हे, तर मोकळ्या झालेल्या लेकरासारखी प्रीतीने करतो.

५. पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे

हा भाग उपदेशकांनी सावकाश शिकवावा, कारण येथे पुष्कळांचा घोटाळा होतो. दोन्ही शब्दांच्या आरंभी 'पुनर्' आहे, पण अर्थ एकमेकांपासून फार दूर आहेत. पुनर्जन्माच्या कल्पनेत जीव एक देह टाकून दुसरा धरतो. कर्माप्रमाणे तो राजा होईल, बैल होईल, किडा होईल. मागचे नाव राहत नाही, मागची ओळख राहत नाही, आणि पुन्हा मरण चुकत नाही. पुनरुत्थानात तसे नाही. कबरेत ठेवलेला येशू तोच उठला. मग्दालीया मरीयेला त्याने तिच्या नावाने हाक मारली, तेव्हा तिने त्याला ओळखले. थोमाला त्याने तेच खिळ्यांचे व्रण दाखविले. आणि तो पुन्हा कधी मरावयाचा नाही.

लाजर उठला, याईराची मुलगी उठली, नाईन गावच्या विधवेचा मुलगा उठला. पण ते सर्व पुढे म्हातारे होऊन किंवा दुखण्याने पुन्हा मेले. प्रभूचे उठणे त्यांच्यासारखे नाही. पौल त्याला पहिले फळ म्हणतो. शेतात शाळूचे पहिले कणीस भरले म्हणजे शेतकरी समजतो की, आता सर्व रान भरणार. ख्रिस्त हे ते पहिले कणीस आहे, आणि जे त्याचे आहेत ते पाठीमागचे रान आहे.

कित्येक विचारतात, देहाची माती झाली किंवा राख झाली, तर तो कसा उठेल? पौल बी दाखवितो. पेरलेला दाणा आणि उगवलेले रोप दिसण्यात सारखे नसतात, पण रोप त्याच दाण्याचे असते. इसवी सन १७७ मध्ये लियों शहरी शत्रूंनी ख्रिस्ती हुतात्म्यांचे देह जाळून राख नदीत टाकली, हेतू हा की त्यांस पुनरुत्थानाची आशा राहू नये. जणू काय नदी देवाच्या हाताबाहेर आहे! आमचे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक हे १९१९ साली वारले, तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे दहन झाले. पुरण्याची चाल मंडळीत जुनी आहे व ती चांगली आहे; पण आमची आशा मातीवरही नाही व विस्तवावरही नाही. ज्याने आदामाला मातीतून घडविले त्याच्यावर ती आहे.

६. दुःखाच्या घरी ईस्टर

ह्या शिकवणीची खरी कसोटी मंदिरात लागत नाही. घरात मृत्यू येतो त्या रात्री लागते. एखाद्या ख्रिस्ती कुटुंबातील कर्ता मुलगा जातो. माहेरचे, सासरचे, जुन्या भावकीचे लोक जमतात. त्यांतील पुष्कळ अजून प्रभूला ओळखीत नाहीत. ते मायेपोटी म्हणतात, "दहाव्याला पिंड ठेवा. कावळा शिवला नाही तर लेकराची काही इच्छा राहिली असेल." आई दुःखाने वेडी झालेली असते. तिला वाटते, खरेच माझ्या लेकराचे काही राहिले तर? अशा वेळी उपदेशकाने रागाने बोलू नये. त्या लोकांच्या चालीची थट्टा तर कधीच करू नये, कारण त्यांचे दुःखही खरे आहे. आईजवळ बसावे, आणि तिला हळू सांगावे की, ज्याच्या हाती तिचे लेकरू आहे त्याने स्वतः मरण चाखले आहे व जिंकले आहे. प्रभूपाशी गेलेल्याचे काही राहत नाही. त्याला आम्ही येथून काही पोचविण्याची गरज नाही, आणि तो अतृप्त होऊन घराभोवती फिरत नाही.

रडू नको, असे मात्र तिला सांगू नये. लाजराच्या कबरेपाशी प्रभू स्वतः रडला, आणि थोड्याच वेळात आपण त्याला उठविणार हे ठाऊक असून रडला. ख्रिस्ती माणूस रडतो, पण आशा नसलेल्या माणसाप्रमाणे रडत नाही.

पंडिता रमाबाई ह्यांचे उदाहरण आम्हांपुढे आहे. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमाबाई १९२१ साली, चाळिसाव्या वर्षी, त्यांच्याआधी गेली. रमाबाई तेव्हा थकलेल्या होत्या व केडगाव येथे पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम चालू होते. त्यांनी ते टाकून दिले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी, ईस्टरला अकरा दिवस असता, त्या प्रभूपाशी गेल्या. आणि १९२४ साली ते शास्त्र छापून लोकांच्या हाती आले. जिची एकुलती मुलगी मातीआड झाली तिने मुलीमागे आपला शेवटचा काळ कबर रिकामी असल्याचे वर्तमान मराठीत आणण्यात घालविला.

७. शाळा, दवाखाना आणि रिकामी कबर

रेव्हरंड रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरास आले. १८७० पासून हे काम प्रेसबिटेरियन मिशनकडे गेले. पुढे शाळा निघाल्या, कोडोलीसारख्या ठिकाणी काम वाढले, आणि १८९४ साली डॉक्टर वॉनलेस ह्यांनी मिरजेस इस्पितळ उघडले. ख्रिस्ती म्हटले की आमच्या भागातील लोकांस शाळा व दवाखाना आठवतो, ही देवाची कृपा आहे. पण कोणी असे म्हणू लागला की, एवढी सेवा पुरे, पुनरुत्थानाचा हट्ट कशाला, तर त्याला सांगावे की, इस्पितळातून बरा होऊन घरी गेलेला माणूसही एक दिवस मरतो. कुशल डॉक्टरही मरतो. शाळेत शिकलेला शहाणाही मरतो. मरणावर ज्याचा उपाय नाही तो धर्म आम्हांस थोडा वेळ धीर देईल, तारील कसा? पौल स्पष्ट सांगतो की, ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आहे व आम्ही सर्व माणसांहून अधिक कींव करण्याजोगे आहो. उठलेल्या प्रभूशिवाय इमारती राहतील, मंडळी राहणार नाही.

८. सण कसा पाळावा

पहाटे जमावे, कारण स्त्रिया पहाटेस गेल्या. कबरस्तानात जाण्याची चाल असेल तर जावे, गवत काढावे, फुलेही ठेवावी. पण मृतांची प्रार्थना करू नये व त्यांस नैवेद्य दाखवू नये. तेथे उभे राहून १ करिंथ १५ हा अध्याय मोठ्याने वाचावा. चाळीस दिवस उपास करून ईस्टरच्या संध्याकाळी दारूला हात लावणे ही प्रभूच्या नावाची मोठी बदनामी आहे. ज्याच्या घरात असे होत असेल त्याला पंचांनी प्रीतीने समजवावे. ज्यांचा आपसांत बांधावरून किंवा पाण्याच्या पाळीवरून अबोला आहे त्यांनी मंदिरात येण्याआधी बोलावे. उठलेल्या प्रभूने नाकारणाऱ्या पेत्राला पुन्हा जवळ केले, मग आम्ही भावाला किती दिवस दूर ठेवणार? आणि ज्या घरात ह्या वर्षी मृत्यू झाला असेल त्या घरी सर्वांत आधी जावे. त्या घराला ईस्टरची अधिक गरज आहे.

शेजारी विचारील, तेव्हा उत्तर थोडक्यात द्यावे : "आमच्या पापांसाठी मेलेला प्रभू तिसऱ्या दिवशी उठला. तो आज जिवंत आहे. त्याच्यावर जो भरवसा ठेवील तोही उठेल." एवढे लेकरासही पाठ होते, आणि म्हाताऱ्यास मरताना एवढेच पुरते.

विचारण्याचे प्रश्न

१. ईस्टर पौर्णिमेच्या पुढच्या रविवारी का येतो? त्यात चंद्राची भक्ती का नाही?
२. आपण शनिवारी न जमता रविवारी का जमतो?
३. पुनरुत्थान हे देहाने झाले, हे दाखविणाऱ्या दोन गोष्टी लूक २४ व योहान २१ ह्यांतून सांगा.
४. बेबाकी दाखल्याच्या दृष्टान्तात कर्ज कोणते, फेड कोणती व दाखला कोणता?
५. पुनर्जन्म व पुनरुत्थान ह्यांत कोणते तीन भेद आहेत?
६. दुःखात असलेल्या आईला तुम्ही काय सांगाल? काय सांगणार नाही?

प्रार्थना : हे जिवंत प्रभो, तुझ्या कबरेवरची धोंड लोटली गेली, तशी आमच्या मनावरची भीतीची धोंड लोट. ज्या घरांत ह्या वर्षी अंधार झाला त्यांत तू स्वतः जा, आणि मरीयेप्रमाणे प्रत्येकाला त्याच्या नावाने हाक मार. आमेन.